फोनो प्रीअ‍ॅम्प घरी बनवला, पण त्या बझने जीव खाल्ला

पॉवर सप्लायच्या तयार बोर्डासोबत एक छापील कागद आला होता. त्यावर सूचना होती: सिग्नलचं ग्राउंड (शून्य व्होल्टची परतीची तार) एका ‘जी’ स्क्रूला जोडा आणि पॉवरचं ग्राउंड दुसऱ्या ‘जी’ स्क्रूला जोडा. या एका ओळीपायी रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा माझा फोनो प्रीअ‍ॅम्प कित्येक आठवडे झाकणाविना टेबलावर पडून होता. बाकीचं काम त्या मानाने सोपं गेलं. तो कागद मात्र आजही आठवला की राग येतो, कारण बोर्ड नवशिक्यांसाठी म्हणून विकला जातो आणि नवशिका माणूस कागदावर विश्वास ठेवणारच.

आधी थोडं बाकीचं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईसोबत हलणाऱ्या चुंबकाने सिग्नल बनवणारा भाग) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट सिग्नल येतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला तो पुरायचा तर सुमारे शंभर पट, म्हणजे ४० डेसिबल वाढवावा लागतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. खर्ज आहे तसा कापला तर खोबणी इतक्या रुंद होतील की एका बाजूवर फारसं काही मावणारच नाही. वरचे स्वर उचलण्याचा फायदा असा की वाजवताना ते खाली आणले की तबकडीची खरखरही त्यांच्यासोबत खाली जाते. वाजवताना करायची ही उलटी दुरुस्ती म्हणजे आरआयएए इक्वलायझेशन. कुठल्या स्वरापाशी दुरुस्ती वळते ते ठरवणारे तिचे टाइम कॉन्स्टंट तीन: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद.

ग्यानबाची मेख इथेच आहे. या दुरुस्तीत १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झ १३ डेसिबलने आणि ५० हर्ट्झ जवळपास १७ डेसिबलने वर उचलला जातो. म्हणजे मधल्या स्वरांना शंभर पट वाढवणारा प्रीअ‍ॅम्प १०० हर्ट्झला साडेचारशे पट आणि ५० हर्ट्झला सातशे पट वाढवतो. विजेचा त्रास नेमका याच दोन ठिकाणी असतो (जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे ६० आणि १२०). इनपुटपाशी नुसते २० मायक्रोव्होल्ट भलतीकडून शिरले तरी बाहेर ९ मिलिव्होल्ट होतात आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत ते स्वच्छ ऐकू येतात. साध्या लाइन प्रीअ‍ॅम्पमध्ये खपून जाणारी वायरिंग इथे खपत नाही.

बोर्डाची जुळणी एका बैठकीत झाली. सिग्नल वाढवणारी चिप म्हणून एनई५५३२ हा ओपअ‍ॅम्प घेतला. तो जुना असला तरी मूव्हिंग मॅग्नेटसाठी आवाजाने शांत आहे आणि सहज मिळतो. इनपुटला ४७ किलोओहम लावला. आरआयएएचे कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे घेतले आणि मीटरवर मोजून डाव्या-उजव्या चॅनेलसाठी सारख्या कपॅसिटन्सच्या जोड्या लावल्या. तिथे सिरॅमिक वापरू नका, निदान एक्स७आर जातीचे तर नकोच. त्यांची कपॅसिटन्स व्होल्टेजप्रमाणे बदलते आणि बोट आपटलं तरी ते आवाज करतात. सप्लायसाठी १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर आणि तो तयार बोर्ड: एसीचं डीसी करणारा ब्रिज, मोठे कपॅसिटर, आणि प्लस व मायनस १५ व्होल्ट स्थिर ठेवणारे रेग्युलेटर ७८१५ आणि ७९१५. या दोन रेग्युलेटरांचे पाय सारखे नसतात. ७८१५ मध्ये मधला पाय ग्राउंड, ७९१५ मध्ये मधला पाय इनपुट. त्यामुळे ७९१५ च्या पाठीचा धातूचा पत्राही इनपुटला जोडलेला असतो आणि तो उघडा डब्याला टेकवायचा नाही.

पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा आवाज फार सुंदर आला. खर्ज भरीव होता आणि दोन्ही चॅनेल सारखे होते. पण सुई उचलली की मागून एक चरचरीत बझ.

ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: अर्थिंग बघ, नाहीतर शिल्डिंग कर. मी शिल्डच्या वायरी बदलल्या, सगळं धातूच्या डब्यात घातलं, ट्रान्सफॉर्मर हातभर लांब नेऊन सगळ्या दिशांना फिरवून पाहिला. बझ तसूभर हलला नाही. खरं तर ट्रान्सफॉर्मर फिरवून काहीच फरक पडला नाही, तिथेच मोठी माहिती हाती आली होती. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम ५० हर्ट्झचा असतो, गोल आणि घुमणारा, आणि अंतर वाढवलं की कमी होतो. माझा आवाज तसा नव्हताच. प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट कॉम्प्युटरच्या लाइन इनपुटला देऊन स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख, पाहिला तर १००, २००, ३००, ४०० अशी शिखरं ओळीने उभी. ५० वर जवळपास काही नाही. १०० हर्ट्झची अशी रांग म्हणजे ब्रिजमागचे कपॅसिटर भरणारे करंटचे झटके, दुसरं काही नाही. तुम्हीही कुणाचा सल्ला ऐकण्याआधी हे करा. आवाज ५० चा आहे की १०० चा, एवढं कळलं तरी निम्मे सल्ले बाजूला ठेवता येतात.

मग इनपुट शॉर्ट केलं. आरसीएच्या (ऑडिओ केबलच्या नेहमीच्या) जुन्या प्लगमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडी तारेने जोडून टाकायची आणि तो इनपुटला लावायचा. बझ तसाच राहिला. म्हणजे टर्नटेबल, टोनआर्म (सुई धरणारा दांडा), कार्ट्रिज, केबल सगळे निर्दोष. दोष डब्याच्या आत.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडली. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, मधला सांधा ग्राउंड धरला आणि सप्लायचा बोर्ड पूर्ण सोडवून प्रीअ‍ॅम्प त्यांच्यावर चालवला. एनई५५३२ ला ९-०-९ पुरतं. व्हॉल्यूम वर नेला तरी फक्त बारीक हिस्स. इतकी शांतता ऐकून मी खुर्चीतून उठलेच. आपलं सर्किट चांगलं आहे, सोल्डरिंग चांगलं आहे, हे त्या क्षणी पक्कं झालं. इतके दिवस त्याच्यावरच संशय घेत होते.

म्हणजे चोर सप्लायमध्ये. पण मीटर लावला तर दोन्ही बाजूंना नीट १५ व्होल्ट, आणि एसी रेंजवर शून्य. रेग्युलेटर बदलले, मोठे कपॅसिटर घातले, काही नाही. मोठ्या कपॅसिटरने बझ उलट थोडा जास्त टोकदार वाटला आणि तेही बरोबरच होतं: कपॅसिटर मोठा झाला की तो भरायचा वेळ आखडतो आणि तेवढाच करंट छोट्या पण उंच झटक्यांत येतो. ज्याने किट विकलं त्याला लिहिलं. उत्तर आलं की बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचं अर्थिंग तपासा. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच वाक्य. बोर्डाचा ट्रॅकचा नकाशा मागितला तर तो देता येत नाही म्हणाले.

वाट मिळाली ती एका एलईडीमुळे. डब्याचं पुढचं पॅनेल काढण्यासाठी पॉवरच्या दिव्याची वायर सोडवली आणि बझ लक्षात येण्याइतका कमी झाला. वायर जोडली, वाढला. सोडवली, कमी. दिव्यासारखी किरकोळ गोष्ट बझ का वाढवेल? दिवा फक्त प्लस बाजूवर होता. ओपअ‍ॅम्प प्लस आणि मायनस दोन्हीकडून सारखाच करंट घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून, म्हणजे १५-०-१५ मधल्या शून्याच्या तारेतून, फारसं काही वाहत नाही. एका बाजूला दिव्याचा भार वाढला की तो फरक शून्याच्या तारेतूनच परततो, आणि झटक्यांनीच परततो. म्हणजे बझ व्होल्टेजमध्ये नव्हताच. तो ग्राउंडमध्ये होता आणि म्हणूनच मीटरला दिसत नव्हता.

बोर्ड सोडवला, दिव्यासमोर धरला आणि ट्रॅक कागदावर उतरवून काढले. शून्याची तार एका कडेला येते. तिथून तांब्याचा ट्रॅक पहिल्या ‘जी’ स्क्रूवरून पुढे जातो, मग दोन मोठ्या कपॅसिटरच्या सांध्याला पोचतो आणि त्याच्या पलीकडे दुसरा ‘जी’ स्क्रू. कपॅसिटर भरताना शून्याच्या तारेतून परतणारे झटके या दोन ‘जीं’च्या मधल्या ट्रॅकमधून धावत होते. तांब्यालाही थोडा रेझिस्टन्स असतोच. त्यामुळे दोन्ही ‘जीं’च्या मध्ये सेकंदाला शंभर वेळा अगदी बारीक व्होल्टेज तयार होत होतं. कागदाने सांगितलं होतं की सिग्नलचं ग्राउंड पहिल्या स्क्रूला आणि पॉवरचं दुसऱ्याला. म्हणजे ते बारीक व्होल्टेज थेट प्रीअ‍ॅम्पच्या इनपुटच्या बाजूला आणून साडेचारशे पट वाढवायची सोय त्या कागदानेच केली होती! बॅटरीवर दोन्ही ग्राउंड एकाच सांध्यावर होते, म्हणून तिथे शांतता.

दुरुस्तीला लागला एक तुकडा तार. शून्याची तार थेट कपॅसिटरच्या सांध्याला नेली. पहिला ‘जी’ रिकामा सोडला. प्रीअ‍ॅम्पची सगळी ग्राउंड, दिव्याची परतीची तारसुद्धा, कपॅसिटरच्या पुढे घेतलेल्या एकाच बिंदूवर आणली. बझ गेला. दिवा लावा, काढा, काही फरक नाही. स्पेक्ट्रममधली ती रांग हिस्सच्या खाली बुडाली. मला मनापासून अभिमान वाटला, आणि त्याचबरोबर विकणाऱ्याला रेखाचित्रासह सविस्तर लिहिलं. कागद बदलला की नाही ते कळवलेलं नाही.

बझ गेल्यावर त्याच्याखाली दडलेला ५० हर्ट्झचा हलका हम ऐकू येऊ लागला. त्यावर मात्र ट्रान्सफॉर्मर लांब नेण्याचाच उपाय चालला. त्याला वेगळ्या डब्यात घातला. तुमचा ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल, म्हणजे कड्यासारखा गोल असेल तर त्याच्या मधून जाणारा बोल्ट वर आणि खाली दोन्हीकडे डब्याच्या पत्र्याला टेकू देऊ नका. बोल्ट आणि पत्रा मिळून वायरीचा एक शॉर्ट वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळू शकतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढा असा सल्ला मलाही मिळाला. तो कधीही मानू नका. विजेची अर्थ धातूच्या डब्याला घट्ट जोडलेलीच हवी आणि विजेच्या बाजूला फ्यूज हवा. सिग्नलचं ग्राउंड डब्याला जोडताना लूप (ग्राउंडचं बंद वर्तुळ) होत असेल तर मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट दोन दणकट डायोड घालतात. अर्थ तुटत नाही आणि लूपमधला करंट अडतो. आरसीए सॉकेट डब्यापासून इन्सुलेट केलेले घ्या, नाहीतर एकाच बिंदूची सगळी मेहनत पॅनेलवर वाया जाते. टोनआर्मची वेगळी बारीक तार असते तिच्यासाठी डब्यावर स्क्रू ठेवा. इनपुट शॉर्ट केल्यावर शांत आणि टर्नटेबल लावल्यावर हम असेल तर आधी तीच तार बघा.

इनपुटला रेडिओ शिरू नये म्हणून १०० पिकोफॅरड लावणार असाल तर केबलची कपॅसिटन्स त्यात मिळवा. कार्ट्रिज बनवणारे एकूण भार किती असावा ते सांगतात आणि तो ओलांडला तर वरच्या स्वरांचा तोल बिघडतो. आरआयएए बरोबर उतरलं का हे तपासायला साध्या मीटरवर भरवसा ठेवू नका, बहुतेक मीटरांची एसी रेंज उंच फ्रिक्वेन्सीला चुकते. कॉम्प्युटरचं साउंड कार्ड वापरा आणि सिग्नल मिलिव्होल्टांत उतरवून द्या. १ किलोहर्ट्झला शून्य धरलं की १०० ला अधिक १३.१ आणि १० किलोहर्ट्झला उणे १३.७ डेसिबल यायला हवं. माझे दोन्ही चॅनेल अर्ध्या डेसिबलच्या आत बसले, तेही कपॅसिटर मोजून लावल्यामुळेच.

आणि नवा प्रीअ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करताना चांगले स्पीकर लावू नका. आधी आउटपुटवर डीसी मोजा. तो काही मिलिव्होल्टांच्या आत स्थिर राहिला तरच अ‍ॅम्प्लिफायर जोडा. रोजच्या वापरातही आधी प्रीअ‍ॅम्प चालू करायचा आणि मग अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना याच्या उलट.