सिस्टरनं "थांबा सर" म्हटलं पाहिजे

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव, पार अथणी-विजापूरहून पेशंट येतात. आयसीयूबाहेर नातेवाईकांचे प्रश्न पण ठरलेले, मशीन नवीन आहे का, मोठे डॉक्टर किती वेळा बघतात. आतलं इन्फेक्शन कसं टाळता हे कोण विचारतच नाही.

सेंट्रल लाईनचंच घ्या. मानेतून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी, तिच्यातून जंतू शिरले की सरळ रक्तात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्यावर पाचच गोष्टी ठरवल्या: हात धुवा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं कातडी पुसा, टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्हज घालून पेशंटवर पूर्ण निर्जंतुक शीट टाका, जांघेतून लाईन शक्यतो नको, गरज संपली की काढा. मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी हे केलं, २००६ ला निकाल छापून आला, दर १००० लाईन-दिवसांमागं (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक लाईन-दिवस) सरासरी ७.७ इन्फेक्शन होती ती दीडेक वर्षात १.४ वर आली.

त्यात खरी गोम अशी, की डॉक्टरनं पायरी गाळली तर थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता. आणि आपलं घोडं तिथंच अडतं! रात्री दोनला सर घाईत, गाऊन न घालताच नुसते ग्लोव्हज चढवलेले, शीट पण हातरुमालाएवढं, शेजारी नवी पोरगी ट्रॉली धरून उभी, तिला सगळं कळतंय पण बोलली तर "आता तू शिकवणार का मला?"

आमच्याकडं यादी लॅमिनेट करून ट्रॉलीला बांधली होती, तिनं काय फरक पडला नाही, फरक पडला मोठ्या सरांनी राऊंडला सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा, की सिस्टर थांबा म्हणाली की थांबायचं. आता पोरी "सर, गाऊन" एवढंच म्हणतात, सुरवातीला दोघं-तिघं फुगून बसले, मग झाली सवय.

पाचवी गोष्ट मात्र अजून राहून जाते. लाईन असली की रक्त काढायला सोपं, परत टोचायला नको, म्हणून कामाविना तशीच ठेवतात. राऊंडला रोज विचारायचं, लागतीय का अजून?

आणि व्हेंटिलेटरच्या पेशंटमागं एक सिस्टर हे कागदावर, रात्री तिच्याकडं तीन दिले तर दर पेशंटला हात धुवायला ती जाणार कधी? मॅनेजमेंट म्हणतं पोरी मिळत नाहीत. मिळतात की, पगार सांगा आधी.