तांबं विरघळलं, तरी तार जड झाली

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची तार सोडली की चांदी बाहेर पडते, हे शाळेत पाठ केलं होतं. समीकरण बिनचूक लिहून मार्कही मिळवले होते. पण वजन करून पाहावं, असं तेव्हा मला सुचलं नाही. ते गेल्या आठवड्यात केलं.

पहिला प्रयत्न वाया गेला. घाईत नळाचं पाणी घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेट पडताच ते दुधासारखं पांढुरकं झालं. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला धरून बसतं, त्याचा तो साका. मग डिस्टिल्ड वॉटर घेतलं: 100 मिली, त्यात 1.7 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. पॉलिश पेपरने घासलेली तार भरली 4.82 ग्रॅम. वेटोळं करून सोडली.

सुरुवातीला चांदी दिसतच नाही. तार काळवंडते, बुरशी धरल्यासारखी. भिंग लावलं तेव्हा त्या करड्या लवेतून सुया निघताना दिसल्या, सुयांना फांद्या, फांद्यांना नेच्यासारखी पानं. जे टोक पुढे सरकतं त्याला ताजं द्रावण आधी मिळतं, म्हणून तेच वाढत जातं. मागच्या खाचांपर्यंत चांदीचे आयन फारसे पोचतच नाहीत. अर्धा तास मी भिंग खाली ठेवलं नाही. तोवर पाण्यात फिकट निळा रंग उतरू लागला होता. ते तांबं.

(हातमोजे घालाच. मनगटावर उडालेला एक थेंब दुसऱ्या दिवशी काळा डाग होऊन बसला, अजून गेलेला नाही.)

सकाळी चांदी झटकून, गाळून, धुऊन वाळवली. तार 4.51 ग्रॅम, चांदी 1.04; चांदीसकट 5.55, म्हणजे आधीच्या 4.82 पेक्षा जड. म्हणजे 0.31 ग्रॅम तांबं गेलं आणि त्याच्या तिप्पटीहून जास्त चांदी आली! तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, चांदीच्या आयनाला एकच लागतो. म्हणून एका तांब्यामागे दोन चांदी. शिवाय चांदीचा अणू मुळात जड, 107.9 विरुद्ध 63.5. हिशोबाने 63.5 ग्रॅम तांब्यामागे 215.8 ग्रॅम चांदी, जवळपास 3.4 पट. माझा आकडा 3.35 आला. समीकरणातला तो ‘2’ मी इतकी वर्षं नुसता लिहीत होते, परवा तो तराजूवर दिसला.

चांदी सगळी उतरली का, हे पाहायला निळ्या पाण्याच्या थोड्या भागात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला. पहिल्या दिवशी ज्याने घात केला तेच क्लोराइड आता कामाला आलं. साका आला नाही.

मग उलटं करून पाहिलं. तीच चांदी उरलेल्या निळ्या पाण्यात रात्रभर ठेवली. तांब्याला हटवायची ताकद चांदीत नाही, हे माहीत होतं, तरी सकाळी आधी तराजूकडे गेले. पाणी तसंच निळं. चांदी धुऊन वाळवून ठेवली: 1.04.