टर्बो सी, फॅट आणि २०३९ चा सिंहस्थ: तारखांच्या लायब्ररीची प्रगती

बॅकअपच्या प्रोग्रॅमसाठी लिहायला घेतलेली तारखांची छोटी लायब्ररी डॉसच्या बाजूने पूर्ण झाली. लिनक्सची बाजू निम्मी झाली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडणी: एका टोकाला एमएस-डॉस ६.२२ आणि टर्बो सी++ ३.० हा कंपाइलर असलेला जुना ४८६ पीसी, दुसऱ्या टोकाला ३२ बिटी लिनक्सचं नेटबुक. फाइल इकडून तिकडे गेली तरी तिची तारीख तीच राहिली पाहिजे, आणि राहणार नसेल तर प्रोग्रॅमने तसं तोंडावर सांगितलं पाहिजे. यातली दुसरी अट जास्त घाम काढते.

२०३८ ची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, आणि पुढच्याच सेकंदाला साइन्ड (उणे आकडेही धरणारी) ३२ बिटी टाइम-टी, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा, थेट डिसेंबर १९०१ मध्ये. यावर डॉसवाले हसतात, कारण फॅटचा, म्हणजे डॉसच्या फाइल सिस्टिमचा, हिशेबच निराळा: वर्षाला सात बिट, सुरुवात १९८० पासून, म्हणजे मजल २१०७ पर्यंत. खरं आहे. पण सी मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम फॅटची तारीख वाचून तिची टाइम-टी करतो, तुलना करतो आणि परत फॅटमध्ये लिहितो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना जागा असूनही मधली वाटच अरुंद.

चाचणीला रँडम आकडे घेतले की उत्तर चुकलंय हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून तारखा नाशिकच्याच घेतल्या. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. कुसुमाग्रजांचा २७ फेब्रुवारी १९१२. आणि २०२७ नंतरचा सिंहस्थ, बाराच्या हिशेबाने २०३९. तिथी लागायला अवकाश आहे, मी आपला १ ऑगस्ट धरला. फाळके ३२ बिटांच्या अलीकडे, सिंहस्थ पलीकडे, तात्यासाहेब (कुसुमाग्रज) उणे आकड्यात का होईना पण आत बसतात: -१८२५४५९२००.

आधी मुद्दाम कुठलीही तपासणी न ठेवता, साध्या लाँगमध्ये (३२ बिटी पूर्णांकात) सगळं चालवलं. फाळक्यांचा जन्म ६ जून २००६ ला, सकाळी ६:२८:१६ वाजता झाला. हसू आलं, कारण खोटं लगेच दिसतं. सिंहस्थाचं प्रकरण मात्र गंभीर निघालं. १ ऑगस्ट २०३९ ची टाइम-टी उलटून २५ जून १९०३ झाली. ती फॅटमध्ये लिहिताना वर्षातून १९८० वजा केले, उरले -७७, आणि ते सात बिटांत कोंबल्यावर झाले ५१. डिस्कवर उतरलं २५ जून २०३१. दोनदा ओव्हरफ्लो होऊन आठ वर्षं मागची, पण अगदी सभ्य दिसणारी तारीख! १९०३ दिसलं असतं तर कुणीही चमकलं असतं; २०३१ कडे कोण बघतोय? कुसुमाग्रजांचंही तसंच: टाइम-टी बरोबर, पण फॅटमध्ये -६८ चे ६० झाले आणि तारीख पडली २७ फेब्रुवारी २०४०. त्यात डॉस ६.२२ ची फाइलींची यादी दाखवणारी डिर ही आज्ञा वर्षाचे दोनच आकडे दाखवते.

उपाय साधाच आहे. टर्बो सी मध्ये ६४ बिटी पूर्णांक नाही, म्हणून तारखेचे दोन तुकडे केले: १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस साइन्ड लाँगमध्ये, आणि त्या दिवसातले सेकंद ० ते ८६३९९. तुलना आधी दिवसांची, मग सेकंदांची. आत कुठेही दिवस गुणिले ८६४०० होत नाही, त्यामुळे ओव्हरफ्लोला जागाच उरत नाही. मर्यादा फक्त वेशीवर तपासायच्या. टाइम-टी साठी वरची वेस दिवस २४८५५, सेकंद ११६४७. खालची दिवस -२४८५६, सेकंद ७४७५२. फॅटसाठी दिवस ३६५२ ते ५०४०२. लीप वर्षाला नुसतं चारने भागून भागत नाही, कारण २१०० हे वर्ष फॅटच्या आवाक्यात आहे आणि ते लीप नाही.

टर्बो सी चं स्वतःचं टाइम झोनचं प्रकरण मी पूर्ण टाळलं. टीझेड (टाइम झोन सांगणारं सेटिंग) लावलं नसेल तर ते अमेरिकेची पूर्व किनाऱ्याची वेळ धरतं, आणि लावायला गेलं तर त्यात फक्त पूर्ण तास बसतात. आपल्या साडेपाचातला अर्धा तास त्यांच्या गावीच नाही. फॅट स्थानिक वेळच ठेवतो, तेव्हा गेटएफटाइमने (फाइलची तारीख वाचणाऱ्या फंक्शनने) आलेले आकडे सरळ दिवसांत बदलतो आणि साडेपाच तासांचा फरक लिनक्सच्या बाजूला लावतो.

एक सापळा मला कुठे लिहिलेला आढळला नव्हता, म्हणून इथे नोंदवतो. नवी-जुनी फाइल ठरवायला बरेच जण फॅटची तारीख आणि वेळ जोडून ३२ बिटी आकडा करतात आणि तोच ताडतात. युक्ती छान आहे, रूपांतराची कटकटच नाही. पण आकडा साइन्ड लाँगमध्ये ठेवला तर १ जानेवारी २०४४ पासून वरचा बिट लागतो आणि नवी फाइल सगळ्यांत जुनी ठरते. अनसाइन्ड लिहिलं की प्रश्न मिटला.

आता वादाचा मुद्दा: तारीख बसत नसेल तर काय करायचं? लिनक्स कर्नल ५.४ पासून ती फाइल सिस्टिमच्या टोकाच्या तारखेवर आणून ठेवतो आणि मुकाट्याने पुढे जातो. कर्नलपुरतं ठीक असेल, बॅकअपमध्ये मला ते पटत नाही. टोकापलीकडच्या सगळ्या फाइलींना एकच तारीख लागली की मेक (तारखा बघून प्रोग्रॅम बांधणारं साधन) काहीच बांधायला घेत नाही आणि बॅकअपला वाटतं काही बदललंच नाही. म्हणून माझं फंक्शन चूक परत करतं आणि तारखेला हातही लावत नाही. टोकावर ठेवायचंच असेल तर वेगळा पर्याय देऊन तसं मागावं लागतं.

याच कारणाने लिनक्सवर तारीख लावणाऱ्या यूटाइमएन्सॅटने ‘झालं’ म्हटलं तरी तारीख परत वाचून ताडतो. तिथे फॅटचा दोन सेकंदांचा टप्पा लक्षात ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक विषम सेकंद चूक ठरतो. नेटबुकवर जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ च्या पुढचं आहे, त्यामुळे टाइम बिट्स आणि फाइल ऑफसेट बिट्स ही दोन्ही सेटिंगं ६४ करून कंपाइल होतं. दुसरं न देता पहिलं दिलं तर कंपाइलर अडवतो, आणि ते बरंच आहे. जुनं विभाजन मात्र १२८ बाइटच्या आयनोडचं (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचं) आहे, म्हणजे मजल २०३८ पर्यंतच. २५६ बाइटचा आयनोड असता तर लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमने २४४६ पर्यंत नेलं असतं. तुमच्याकडे काय आहे ते ट्यूनटूएफएस या आज्ञेला उणे एल देऊन बघा.

डॉसबॉक्स ०.७४ या डॉसच्या एम्युलेटरवर हे तपासायला जाऊ नका. तिथे फाइलची तारीख लावणारी डॉसची ५७०१ ची हाक यशस्वी झाल्याचं सांगते, पण तारीख बदलत नाही. खरी डिस्क किंवा पूर्ण एम्युलेटर घ्या.

राहिलं आहे झिप. त्याच्या मुख्य हेडरमध्ये डॉसचीच तारीख असते, पण युनिक्सच्या जादा फील्डमध्ये ३२ बिटी आकडा जातो. २०३९ ची फाइल असेल तर ते फील्ड लिहायचंच नाही, असं तूर्त ठरवलं आहे.