पद्मिनी घरी रंगवताना पाण्याने घेतलेली परीक्षा

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीला गंज बहुतेक आतून लागतो. दाराच्या खालच्या कडेची भोकं मातीने बुजतात, पाणी आतच राहतं. म्हणून रंग खरवडण्याआधी सगळीकडे लोहचुंबक फिरवला. जिथे धरेना, तिथे जुनी लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. मागच्या डाव्या मडगार्डवर ती बोटभर जाड निघाली, खाली पत्र्याची चाळण. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. त्याच दिवशी थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर मारला, सुकल्यावर खरखरीत करून त्यावर लांबी ओढली. 100 ग्रॅम लांबीला 2 ग्रॅम हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं रसायन. घाईने जास्त घातलं तर पुढे रंगातून पिवळट डाग वर येतात.

माझी मोठी चूक बॉनेटवर झाली. धूळ नको म्हणून लांबी पाणी मारून घासली. लांबी स्पंजासारखं पाणी पिते. वर प्रायमर चढला की ते अडकतं. दोन महिन्यांत मोहरीएवढे फोड आले आणि बॉनेट परत पत्र्यापर्यंत आणावं लागलं. लांबी कोरडीच घासा, 80 मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने. पाणी फक्त प्रायमरवर, 400 आणि 800 च्या पेपरच्या वेळी. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासलं की खड्डे काळे राहतात, लगेच दिसतात.

रंग पीयू (पॉलियुरेथेन), एकरंगी. बाहेरून तीन हातांना साधारण 3 लिटर लागला. स्प्रे गनचा नोझल 1.3 मिमी, दाब 2 बार, अंतर एक वीत, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. दोन हातांच्या मध्ये 10-15 मिनिटं थांबायचं. मास्किंग टेपवरच्या रंगाला बोट लावून तार सुटेनाशी झाली की पुढचा हात. गन रेंगाळली की ओघळ आलाच.

इथेही पाणीच. कॉम्प्रेसरमधून गरम हवा निघते, ती पाइपात गार झाल्यावर पाणी सुटतं. पाणी अडवणारा फिल्टर टाकीलाच लावला तर वाफ तशीच पुढे जाते आणि रंगात बारीक खळगे पडतात. 25 फूट पाइप टाकून फिल्टर गनच्या बाजूला घेतला, प्रत्येक पॅनेलनंतर टाकीत साचलेलं पाणी काढून टाकलं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. कापडी मास्क चालत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. त्याचं भाडं रंगाच्या हिशेबात आधीच धरा.

दोन दिवसांनी 1500, 2000 चा पेपर आणि मग चकाकीसाठी कंपाउंड. कडांना कंपाउंड हातानेच, तिथे थर पातळ असतो. काचेची रबरं मात्र आठवड्याने बसवली. ओल्या रंगावर त्यांचे वळ उमटतात.