तुम्ही विचारलंत म्हणून : विंडोज ११ टाकलं की पीसी बंद पडायचा थांबेल का?

"घरचा पीसी मध्येच बंद पडतो. विंडोज १० आहे. ११ टाकून घेऊ का?" नाशकात हा प्रश्न एप्रिलात सुरू होतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात जोर धरतो. अर्धं उत्तर त्या वेळेतच आहे. विंडोजला ऋतू नसतात. धुळीला, उष्णतेला आणि विजेला असतात. म्हणून आवृत्तीचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी पीसी कसा बंद पडतो ते बघा.

बटण दाबल्यासारखा झटक्यात काळा होतो? निळा पडदा येऊन रिस्टार्ट होतो? की चित्र तसंच गोठतं आणि माउसही हलत नाही? (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्यांत तो निळा पडदाही काळा झाला आहे, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका; त्यावर मजकूर होता का ते आठवा.)

आठवत नसेल तर विंडोजने नोंद ठेवलेली असते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही लाल नोंद सापडेल. ती बघून पुष्कळजण थेट नवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) आणतात, पण ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. खरी माहिती डिटेल्स टॅबमध्ये आहे. 'बगचेककोड' आणि 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' दोन्ही ० असतील, तर वीज तुटली किंवा मशीन इतकं अचानक थांबलं की विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही. टाइमस्टॅम्पपुढे मोठा आकडा असेल तर पीसी गोठला होता आणि कुणीतरी बटण दाबून धरलं. बगचेककोडमध्ये आकडा असेल तर तो निळा पडदा: २६ म्हणजे मेमरीची गडबड, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड, २९२ म्हणजे हार्डवेअरनेच दिलेली तक्रार, १५९ म्हणजे स्लीपमध्ये जाता-येता अडकलेला ड्रायव्हर. यातला ड्रायव्हर सोडला तर बाकीच्यांना ११ टाकून काडीचा फरक पडत नाही.

दोन्ही ० असतील तर विजेपासून सुरुवात करा. पहिला संशयित यूपीएस. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तरी हिरवा दिवा जळतच असतो. सगळी कामं सेव्ह करून, पीसी चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा. पीसी तिथल्या तिथे गेला तर बॅटरी संपली. शिवाय ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवाला पीसी त्याला झेपत नाही. सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली की पीसी रिस्टार्ट होत असेल, तर व्होल्टेज क्षणभर खाली बसतंय आणि यूपीएस किंवा एसएमपीएस ते सांभाळू शकत नाही. कॅबिनेटबरोबर स्वस्तात आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मल्टिमीटर असेल तर पिवळी आणि काळी वायर यांच्यात, पीसीवर ताण असताना, ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, पिनेमागे कधी कधी वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग कॉम्प्युटरवाला.

वीज ठीक असेल तर प्रोसेसरचं तापमान. एचडब्ल्यूइन्फो किंवा तत्सम साधनाने बघा: रिकामा असताना ३५ ते ५० अंश ठीक, काम करताना ८५ च्या आत हवं. शंभरीला टेकला की प्रोसेसर आधी मंदावतो, मग मशीन स्वतःला बंद करतं. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. त्यातली एक जरी सैल झाली तरी कूलर तिरका बसतो, आणि वरून सगळं जागच्या जागी दिसतं. मदरबोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का बघा. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

कोड २६ आला किंवा दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅम. पीसी बंद, वायर काढलेली, मग रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने घासा. पावसाळ्यात एवढ्यानेही बरेच पीसी मार्गी लागतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवण्याची सोय, बंद करून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही एरर चालत नाही. दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा.

गोठणारा पीसी बहुधा डिस्कचा रोगी. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये सी५ (वाचता न येणाऱ्या जागांची नोंद) पुढे शून्याखेरीज काही दिसलं तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या. सी७ मात्र डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा दोष दाखवतो आणि तो आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही. वाढतोय का, एवढंच बघायचं.

इतकं करून सगळं स्वच्छ निघालं तर विंडोजची दुरुस्ती: ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिसमची (DISM) रिस्टोअरहेल्थ कमांड, नंतर विंडोजच्या बिघडलेल्या फाइल बदलणारी एसएफसी (SFC) स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नका. एसएफसी ज्या साठ्यातून फाइल घेतं, तो डिसम दुरुस्त करतं. आणि 'शटडाउन करून बघितलं' याला अर्थ नाही, कारण फास्ट स्टार्टअपमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, बंद न करता झोपवून ठेवला जातो. रिस्टार्टच करा.

आता आवृत्ती. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत (ईएसयू) नावनोंदणी केलेल्या घरगुती पीसीला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ११ वर जायचं खरं कारण हे. त्यासाठी साधारण इंटेल आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, जी बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम नावाने बंद असू शकते. कागदावर ४ जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर ११ च्या वाटेला जाऊ नका. ३२ बिटचं १० असेल तर थेट अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावं लागतं. ३२ बिटचे ड्रायव्हरही ११ वर चालत नाहीत, म्हणजे जुना स्कॅनर आधी तपासा. '११ चं २४एच२वरून २५एच२ हे वार्षिक अपडेट केलं की क्रॅश थांबेल' हीही भाबडी आशा, दोघांचा पाया एकच आहे. अट चुकवून जुन्या मशीनवर ११ बसवून देणारे भेटतील. अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तशा मशीनला ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर लिनक्स मिंट बरं.

एक राहिलं. ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असू शकते, आणि बायोस बदलल्यावर पीसी तिची रिकव्हरी की मागू शकतो. बायोसला हात लावण्याआधी अकाउंटमध्ये जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पीसी दुकानात दुरुस्तीला देतानाही तेच.