वजनं वर घ्या

आमच्याकडे गॅरेज म्हटलं की मेस्त्री, ग्रीसचे हात आणि 'उद्या संध्याकाळी घेऊन जावा' असं सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. घरची गाडी जिथं उभी राहते ती शेड. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराची शेड दहा बाय अठराची आहे आणि तिच्या भिंतीवर छातीच्या उंचीला एक तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, त्याची ती सही. रंगाऱ्यानं दोनदा विचारलं, घासून काढू का? वडिलांनी काढू दिली नाही.

याच शेडमध्ये मी २०२० च्या एप्रिलात जिम काढली. मार्चात इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि आमचा जिल्हा राज्यभर बातम्यांत आला. मग सगळंच बंद झालं. जिमचे वर्षाचे पैसे मी जानेवारीत भरले होते. त्याविषयी आता काही बोलत नाही. गाडी काढून दारात चिंचेखाली लावली, जळमटं काढली, फरशी धुतली आणि मोकळ्या शेडच्या मधोमध उभा राहिलो. उचलायला काहीच नव्हतं.

डंबेल्स कुठं मिळेनात. ज्यांच्याकडे होती ते मागूनही देत नव्हते. मग रंगाचे चार लिटरचे रिकामे डबे गोळा केले. शेजारच्या अर्धवट बांधकामावरून अर्धं पोतं सिमेंट मागून आणलं. एकास दोन, दोनास चार. सिमेंट, वाळू, बारीक खडी. डब्यात माल भरायचा, मधोमध इंची पाईप उभा करायचा, दोन विटांचा आधार द्यायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी उलटा करून दुसऱ्या टोकाचा डबा. पहिल्याच जोडीतला एक पाईप तिरका बसला, तो कायमचा तिरका राहिला. माल आवळला की मग पाणी मारणं आलं. गोणपाट गुंडाळून सात दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्या डब्यांवर तांब्यानं पाणी ओतत होतो. आई ओट्यावर गवारी मोडत बघायची.

"स्लॅबला पाणी मार म्हटलं की गायब व्हायचास. ह्याला बरा मारतोयस."

काँक्रीट घनमीटरला साधारण २,४०० किलो भरतं. म्हणजे चार लिटरच्या डब्याला साडेनऊ किलो, हा माझा हिशेब. काट्यावर टाकल्यावर एक टोक नऊ-दोनशे भरलं आणि दुसरं नऊ-सातशे, कारण दुसरा डबा भरताना मी माल जास्त ठोकला होता. अर्ध्या किलोनं काय होतंय, असं म्हणून सोडून दिलं. पुढं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात २४८ किलो उचलले आणि त्याचं सुवर्ण एका किलोनं हुकलं. तेव्हा मला तो काटा आठवला आणि जरा लाजच वाटली. जिममधला मोठा बार चकत्या न घालताच २० किलोचा असतो. माझं दोन्ही डब्यांसकटचं सगळं प्रकरण तेवढंच. ते मी 'शेवटचा सेट' म्हणून उचलत होतो.

वडील आठवडाभर नुसते दारात येऊन बघून जायचे. आठव्या दिवशी माळ्यावरून आजोबांचा मुद्गल, तालमीत फिरवतात तो जाड लाकडी सोटा, काढून आणला. आजोबांची खरं तर जोडी होती. एकोणीसच्या पुरात दोन्ही शेडमध्येच होते. लाकूडच ते, पाण्यावर आले. एक पत्र्याखालच्या अँगलला अडकून राहिला, दुसरा गेला. "मनगटानं फिरवू नको, खांद्यानं फिरव," वडील म्हणाले आणि तो त्यांच्या पाठीमागून असा घरंगळत आला की मी डंबेल खाली ठेवलं. ते तालमीत जात होते हे मला माहीत होतं, बघितलं कधी नव्हतं. मग हौद्यातल्या तांबड्या मातीच्या गोष्टी सुरू झाल्या: तीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती कशी मळायची, अंगाला लागली की कशी गार वाटायची. हळदीला काय, सांगलीत तोटा नव्हताच. माझ्या पायाखाली भंगारातून आणलेला कन्व्हेअरचा रबरी पट्टा होता. त्याला उसाच्या मळीचा वास येत होता.

दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, राज्यातल्या जिम उघडल्या. मी गेलो नाही. गाडीवर चिंचेचा पाला पडतच राहिला.

मग २०२१ ची जुलै. पाऊस लागला की सांगलीत कुणी 'कसा आहेस' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. ती ओलांडल्यावर आमच्या घरात ठरलेल्या क्रमानं सामान माडीवर चढतं: गहू, कागदपत्रं, गॅस, फ्रिज. त्या रात्री यादीत नवी भर पडली होती. मी डब्यांचं डंबेल खांद्यावर घेऊन जिना चढलो. एकोणीस पायऱ्या. दुसरं घेऊन चढलो. तिसऱ्याला मधल्या वळणावर टेकलो, तर वरून आईनं बॅटरी मारली.

"आरं, सिमेंट भिजून काय हुतंय? सात दिवस तूच पाणी मारत होतास की."

बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिसरं तिथंच वळणावर सोडलं, बाकीची खालीच राहिली. मुद्गल तेवढा वर नेला.

पाणी या वेळी गुडघ्याच्या खालीच थांबलं. ओसरल्यावर डबे होते तिथंच चिखलात बसलेले होते, पत्रा जरा गंजला इतकंच. पट्ट्याखालचा गाळ काढायला मात्र दोन दिवस गेले. भिंतीवर आता खाली दुसरी रेघ आहे.

गाडी परत शेडमध्ये आली आहे. फरशीला थोडा उतार आहे, म्हणून मागच्या चाकाला तिरक्या पाईपचं ते डंबेल लावतो. मुद्गल माडीवरून खाली आलाच नाही. वडील सकाळी गच्चीवर फिरवतात, दहा उजवीकडून, दहा डावीकडून, कारण जोडी नाही. दुसऱ्याचं काय झालं असेल, असं एकदा विचारलं.

"खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाच्या दाराला अडकलाय तो," फिरवता फिरवताच ते म्हणाले. "म्हणून तर पाणी तुंबतंय."