बांधावरचे उंदीर आणि ते खणून काढणारी माणसं

भातकापणी उरकली की आमच्याकडे रायगडात कातकरवाडीवरची, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीवरची माणसं पहार-कुदळी घेऊन बांधावर उतरतात, उंदीर काढायला. बायका, पोरं, एखादं कुत्रं, सगळे असतात. लहानपणापासून बघतोय आणि दरवर्षी वाटतं की शेतातल्या उंदराची एवढी माहिती कृषी खात्याच्या पत्रकात पण नसेल जेवढी या लोकांच्या डोळ्यात आहे.

आपल्या भातशेतीत जास्त नासधूस करतो तो म्हणजे घुशीचाच लहान भाऊबंद, शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. चिडका प्राणी, बहुतेक वेळा एका बिळात एकटाच राहतो, किंवा मग मादी आणि तिची पिल्लं. गाभणकाळ जेमतेम तीन आठवडे आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं, कधी त्याहून जास्त, त्यामुळे भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत संख्या किती वाढते याचा हिशोब तुम्हीच करा. वर हा नुसता खाऊन थांबत नाही, लोंब्या कापून बिळात नेऊन साठवतो. बिळातून किलोभर भात निघणं यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. ते भात खणणाऱ्याचं, ही आमच्या गावातली जुनी रीत.

आता खणायचं कसं ते सांगतो कारण बघणाऱ्याला वाटतं नुसती माती उकरतायत. तर तसं नाही. आधी पूर्ण बांध फिरून बघायचा, ताजी भुसभुशीत माती कुठे बाहेर ढकललीय ते. हा उंदीर बिळाचं तोंड मातीनेच बुजवून ठेवतो, म्हणून उघडं भोक दिसलं की तिथे उंदीर असेलच असं नाही, उलट मातीचा ओलसर ढीग दिसला तर मालक घरात आहे. मग आजूबाजूची बाकीची तोंडं शोधून दगड-चिखलाने बंद करायची. आणि खरी गोष्ट पुढे आहे, बिळाला एक चोरवाट असते, वरून मातीचा पातळ थर ठेवलेली, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि खणायला लागलं की उंदीर नेमका तिथून उसळून पळतो. वाडीवरचे एक काका आहेत, ते पायाने जमीन चाचपत जातात आणि काठी घेऊन बरोबर त्या जागेवर पोराला उभं करतात. मी त्यांना विचारलं, काका कसं कळलं, तर म्हणाले, "इथं माती दबते रं, बघ पाय ठेवून." मी पाय ठेवला, मला काहीच कळलं नाही.

खणताना मध्ये मध्ये एक लवचिक काडी आत घालून बीळ कुठे वळलंय ते बघतात. कठीण जागा असली तर ओला पेंढा पेटवून धूर देतात. आणि हात कधीच आंधळेपणाने आत घालत नाहीत, कारण उंदराच्या बिळात नाग, घोणस, धामण काहीही असू शकतं. तमिळनाडूतले इरुळ लोक पण पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेत, ते मातीच्या मडक्यात पेंढा पेटवून तोंडाने फुंकून धूर सोडायचे, त्यात ओठ-हात भाजायचे, धूर छातीत जायचा. नंतर त्यांच्यासाठी हाताने फिरवायचं स्टीलचं धूरयंत्र तयार झालं. आपल्या कातकऱ्यांसाठी असा विचार कोणी केलेला मला तरी दिसला नाही.

हे उंदीर ते खातात. जाळावर केस भाजून, पोट साफ करून, कालवण करून खातात. यावरून शाळेत वाडीवरच्या पोरांना चिडवलेलं मी ऐकलंय आणि मला त्याचा प्रचंड राग येतो. भातावर वाढलेला प्राणी आहे तो, आणि ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही, दिवाळीनंतर ज्यांना वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर घर सोडून जावं लागतं, त्यांच्या ताटात तेवढंच मटण येतं.

आणि म्हणूनच औषधाचं बोलायचंय. आपण शेतकरी दुकानातून झिंक फॉस्फाइड आणतो, तेलात-भरड्यात कालवून बांधावर टाकतो. त्याला उतारा नाही. आधी दोन-तीन दिवस साधा भरडा ठेवून उंदराला सवय लावायची असते, पण एवढा दम कोणाला असतो, मग थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, पैसे वाया. दुसरं ब्रोमाडिओलोन, रक्त गोठू न देणारं. याने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस हिंडत-फिरत असतो. म्हणजे वाडीवरच्या माणसाने जिवंत, चांगला दिसणारा उंदीर काढला तरी त्याच्या पोटात विष असू शकतं, आणि शिजवलं की विष जाईल असं अजिबात समजू नका. मेलेला उंदीर ते उचलत नाहीत, त्यांना कळतं, पण हा कसा ओळखणार? तोच उंदीर गव्हाणी घुबड खातं, धामण खाते, म्हणजे फुकटात उंदीर मारणारे पण आपणच मारतो.

माझं म्हणणं एवढंच की औषध टाकायच्या आधी वाडीवर निरोप द्या. आधी त्यांना खणू द्या, आणि त्या दिवसाची मजुरी द्या, नुसतं "उंदीर तुमचे, भात तुमचं" म्हणून भागवू नका, कारण फायदा तुमच्या पुढच्या पिकाचा होतोय. बांध फुटतो अशी तक्रार असते, पण बिळं असलेला बांध पावसाळ्यात तसाही पाणी धरत नाही, खणून झाल्यावर तिथेच माती चोपून घेतली की काम पक्कं होतं आणि ते लोक सांगितलं तर करून देतात. औषध टाकलंच असेल तर कोणत्या बांधावर आणि कधी हे वाडीवर जाऊन तोंडी सांगा, बोर्ड लावून उपयोग नाही, सगळ्यांना वाचता येत नाही.

आणि चिखलात अनवाणी खणणाऱ्या कोणाला ताप आला, अंग-पोटऱ्या ठणकायला लागल्या तर घरी थांबवू नका, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, त्याचा जंतू उंदराच्या मुतातून पायाच्या जखमेत शिरतो, सरळ सरकारी दवाखान्यात न्या आणि उंदराचं काम केलंय हे डॉक्टरला आठवणीने सांगा. गाडी नसेल तर आपली काढा.